पाचवे शील आणि पहिली सभा

उपासक-उपासिकांनो,

आजचा पाठ पाचव्या शीलाचा आहे. पहिल्या चार शीलांवर आपण विहारात मोकळेपणाने बोलतो. पाचव्याचा विषय निघाला की मात्र बसलेल्यांपैकी कोणीतरी मान खाली घालतो, आणि त्याच्या शेजारी बसलेली त्याची पत्नी पदर सावरीत दुसरीकडे पाहू लागते. वसई, नालासोपारा आणि विरार भागात राहणाऱ्या अशा नवदीक्षित कुटुंबांसाठी हा पाठ लिहिला आहे.

तुमच्या घरी काय घडले असेल ते आम्ही सांगतो. चुकले तर सोडून द्या. घरात बुद्धमूर्ती आली. बाबासाहेबांची तसबीर लागली. पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून सारे कुटुंब विहारात जाऊन आले. मुलांना त्रिसरण आणि पंचशील तोंडपाठ झाले. आणि पगाराच्या रात्री घरचा कर्ता माणूस झुलत घरी आला. सकाळी त्याने मूर्तीसमोर हात जोडून पुन्हा कधी घेणार नाही म्हणून सांगितले. आठ दिवस निभावले. नवव्या दिवशी पुन्हा तेच. शेजारी म्हणू लागले, "धम्म घेतला, पण बाटली कुठे सुटली?" हे ऐकल्यापासून त्या कुटुंबाने विहाराकडे फिरकणे बंद केले.

आमच्या मते या हकिकतीतील सर्वांत मोठे नुकसान या शेवटच्या वाक्यात आहे. शील मोडले त्या दिवशी ज्यांची सर्वांत जास्त गरज होती, त्या माणसांपासूनच कुटुंब दूर गेले.

१. शील हा हुकूम नाही

पंचशीलातील प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारे पाली शब्द आपण म्हणतो, पण त्यांचा अर्थ क्वचितच ध्यानात घेतो. 'वेरमणी' म्हणजे अलिप्त राहणे. 'सिक्खापद' म्हणजे शिक्षापद, शिकण्याचा नियम. 'समादियामि' म्हणजे मी स्वतःहून ग्रहण करतो. येथे कोणी वरून आज्ञा केलेली नाही आणि आज्ञाभंगाची शिक्षाही सांगितलेली नाही. शिकणारा चुकतो. चुकला म्हणून त्याचे नाव शाळेतून काढीत नाहीत. म्हणून तर आपण शील एकदाच घेऊन थांबत नाही; प्रत्येक वंदनेच्या वेळी नव्याने घेतो.

पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. सावधपणा गेला की बाकीची चारही शीले उघडी पडतात. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण गृहस्थ सिगालाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत: धनाचा नाश, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. ज्या घरात दारू आहे त्या घराला ही यादी वाचून दाखवावी लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, याचे कारण आपल्या वस्त्यांची ही दशा त्यांना पुरती ठाऊक होती.

२. स्थविर सागताची गोष्ट

भिक्खूंसाठी मद्यपानाविरुद्धचा नियम कसा झाला, हे विनयपिटकात सांगितले आहे. सागत नावाचे एक थोर भिक्खू होते. त्यांनी एका भयंकर नागाला वश केले अशी त्यांची ख्याती होती. ते कोसंबी नगरीत आले तेव्हा लोकांनी कौतुकाने घरोघरी त्यांच्यासाठी मद्य तयार ठेवले. प्रत्येक घरी थोडे थोडे घेत सागत नगराबाहेर पडू लागले आणि वेशीतच कोसळले.

भगवान बुद्ध भिक्खूंसह त्याच वाटेने येत होते. त्यांनी सागतांना पडलेले पाहिले. पुढे काय झाले ते नीट ध्यानात घ्या. त्यांनी प्रथम प्रवचन दिले नाही. भिक्खूंना सांगितले, सागताला उचला. भिक्खूंनी त्यांना विहारात आणून निजवले. त्यानंतर भगवंतांनी भिक्खूंना विचारले की ज्याने नागाला जिंकले तो आज साध्या पाणसापालाही जिंकू शकेल काय? आणि मग नियम सांगितला. सागतांना संघातून काढले नाही. पुढे अंगुत्तर निकायात, ज्या भिक्खूंना एकेका गुणात अग्र म्हटले आहे, त्यांच्या यादीत याच सागतांचे नाव आहे.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. नागाला वश करणारा माणूसही दारूपुढे पडू शकतो. म्हणजे दारूपुढे पडणारा माणूस दुबळाच असतो असे नाही. आणि पडलेल्याला उचलावयास अनेक हात लागतात.

३. निर्धार का मोडतो?

"मनावर घेतले तर काय अशक्य आहे?" असे आपण म्हणतो. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि मज्जातंतूंना दारूची सवय जडलेली असते. ती अचानक तोडली तर शरीर बंड करते. काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने घरात कोंडून घेऊन एकदम दारू तोडू नये. आधी डॉक्टरांना खरे प्रमाण सांगावे आणि त्यांच्या देखरेखीखाली दारू बंद करावी. मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत हा उपचार होतो.

भगिनींना एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. दारू सोडविण्याच्या म्हणून मिळणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या नवऱ्याच्या चहात किंवा भाजीत चोरून घालू नका. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, छाती धडधडते, प्रसंगी प्राणावर बेतते. ती गोळी डॉक्टरांनी तपासून आणि रुग्णाला सांगूनच द्यावयाची असते.

शरीरातील विष उतरण्यास काही दिवस पुरतात. परंतु ओढ राहते. संध्याकाळ झाली, पगार झाला, भांडण झाले, लग्नाची वरात निघाली की ती डोके वर काढते. येथे औषध अपुरे पडते आणि सोबत लागते. त्या सोबतीसाठीच सभा आहे.

४. ही सभा आहे तरी काय?

१९३५ सालची गोष्ट. अमेरिकेतील बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातील एक माणूस काही महिन्यांपूर्वी दारूतून बाहेर पडला होता. कामासाठी तो ॲक्रन या परक्या गावी आला आणि काम फिसकटले. हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. "ज्याची दारू सुटत नाही असा कोणी मला भेटवा," असे तो ओळख नसलेल्या लोकांना विचारीत राहिला. अखेर त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी पडली. दोघे तासन्‌तास बोलले. डॉक्टरांना उपदेश अनेकांनी केला होता. परंतु हा माणूस आपलीच गोष्ट सांगत होता. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी अखेरची दारू घेतली. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए. या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो.

भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झाले. मराठी सभांतून या रोगाला 'मद्यपाश' म्हणतात. शब्द चांगला आहे. पाश आहे, म्हणजे सोडविता येतो. मंडळाची वर्गणी नाही, फी नाही. सदस्य होण्यास एकच अट आहे: दारू थांबविण्याची इच्छा. जात, धर्म, पक्ष कोणी विचारीत नाही. आडनाव सांगावे लागत नाही. आपल्या समाजातील माणसाला आडनाव विचारले जाण्याचा अर्थ काय असतो, हे तुम्हाला आम्ही सांगावयास नको.

ए.ए. हे इस्पितळ नव्हे. राहून उपचार घ्यावयाचे असतील तर वेगळी केंद्रे आहेत. फादर जो परेरा, जे स्वतः या पाशातून बाहेर आले, त्यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले. वसईतही त्याचे केंद्र आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. कोणत्याही केंद्रात माणूस ठेवण्यापूर्वी तेथे डॉक्टर आहेत काय, घरच्यांना भेटू देतात काय, हे स्वतः जाऊन पाहावे. मारहाण करून किंवा साखळीने बांधून दारू सोडवितो असे जो म्हणेल, त्याच्या दारात पाऊल ठेवू नये.

५. सभा कशी शोधावी

आम्ही येथे सभांचे पत्ते आणि वेळा छापीत नाही, कारण त्या बदलतात. आणि मोठ्या धीराने निघालेला माणूस बंद दारावरून परत आला तर तो पुन्हा निघत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करा.

ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर फोन क्रमांक आणि गटांची माहिती असते. घरातील शिकत्या मुलाला सांगितले तर तो मोबाईलवर काढून देईल. ते जमत नसेल तर केंद्र शासनाच्या नशामुक्ती हेल्पलाईनचा १४४४६ हा क्रमांक फिरवावा. मन फार खचले असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्ही निःशुल्क आहेत.

फोनवर लांब कहाणी सांगण्याची गरज नाही. "मला दारू सोडायची आहे. वसई-विरार भागात सभा कोठे भरते?" एवढे पुरे. पुढे चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: वार आणि वेळ, जागा आणि तिची खूण, सभा मराठीत आहे की हिंदी-इंग्रजीत, आणि सभा 'खुली' आहे की 'बंद'. खुल्या सभेला घरचे माणूसही बसू शकते. बंद सभा फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल तर तसे सांगा. गटातील कोणी स्टेशनवर भेटावयास येईल काय, हेही विचारा.

ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने पाय अडखळत असेल तर एक स्टेशन पलीकडची सभा निवडा. विरारच्या माणसाने वसईला जावे, वसईच्या माणसाने बोरिवलीला. आणि तरीही ओळखीचा भेटलाच, तर तो तेथे कशासाठी आला आहे याचा विचार करा. तोही तुमच्यासारखाच आलेला असतो.

६. पहिली संध्याकाळ

शक्यतो न पिता जा. नाहीच राहवले तरीही जा. मागे बसून फक्त ऐका. साधी खोली असते, बहुधा शाळेची किंवा चर्चच्या आवारातील. खुर्च्या, बाके, कधी चहाची किटली. कोणीतरी विचारील, "पहिल्यांदाच आलात का?" तेव्हा होय म्हणा.

सभा साधारण तास-दीड तास चालते. एकेक जण उठतो किंवा बसल्या जागीच आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपाशी आहोत असे म्हणतो आणि आपली हकिकत सांगतो. कंपनीतून कसे काढले, मुलीच्या फीचे पैसे कोठे गेले, आणि आज किती दिवस झाले. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. तुमच्यावर बोलण्याची सक्ती नाही. "आज मी फक्त ऐकणार" असे म्हटले की चालते. खर्चासाठी एक पिशवी किंवा डबा फिरतो. नव्या माणसाने त्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही. तेथे ऐकलेले बाहेर सांगावयाचे नसते.

पहिल्या सभेत कदाचित काहीच वाटणार नाही. कदाचित वाटेल की आपण यांच्याइतके वाया गेलेलो नाही. असे वाटणे नवे नाही. निघताना एखाद्या जुन्या सदस्याचा फोन क्रमांक घ्या आणि पुढच्या सभेचा वार विचारा. नव्यांना तेथे नव्वद दिवसांत नव्वद सभा करा असे सांगतात. रोजंदारीच्या माणसाला ते जमेलच असे नाही. आठवड्यातून जितक्या जमतील तितक्या करा, पण ठरलेली सभा चुकवू नका. जन्मभराची शपथ तेथे घ्यावयास लावीत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवितात. उद्याचे उद्या. मध्येच घसरलात तर पुढच्या सभेला तसेच जा, जसे पुढच्या वंदनेला शील पुन्हा घेता.

७. देवाचा प्रश्न

येथे नवदीक्षितांच्या मनात एक रास्त शंका येते. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. काही सभांत प्रार्थना होते. जागा अनेकदा चर्चची असते. आपण तर बावीस प्रतिज्ञा घेतलेले. मग तेथे कसे जावे?

शंका मनात ठेवू नका, विचारा. उत्तर असे आहे. ए.ए. कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी बांधलेले नाही. चर्चची खोली ही फक्त खोली असते. पायऱ्यांत ईश्वराच्या उल्लेखापुढे 'आम्हाला जसा समजला तसा' अशी मोकळीक ठेवलेली आहे, आणि त्या पायऱ्या सूचना आहेत, सक्ती नव्हे. मंडळाच्या १९५७ सालच्या इतिहासग्रंथात बौद्धांचाच उल्लेख आहे. त्यांना पायऱ्यांतील 'गॉड'च्या जागी 'गुड', म्हणजे जे कल्याणकर ते, असा शब्द हवा होता; आणि मंडळाने त्याला आडकाठी केली नाही. ईश्वर न मानणारे अनेक सदस्य त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या एकत्रित बळालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. 'संघं सरणं गच्छामि' म्हणणाऱ्याला हे समजावयास अवघड जाऊ नये. प्रार्थना सुरू झाली तर शांत उभे राहा. तुमची प्रतिज्ञा मोडत नाही. प्रतिज्ञा मोडते ती बाहेरच्या गुत्त्यात.

आनंदाने एकदा म्हटले की कल्याणमित्र हे अर्धे धम्मजीवन होय. भगवंतांनी त्याला थांबविले आणि सांगितले, अर्धे नव्हे, संपूर्ण. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याचा कल्याणमित्र तो, जो स्वतः त्या दरीतून वर आला आहे. तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारण्याचे कारण नाही.

८. घरच्यांनी काय करावे

दारू पिणाऱ्याबरोबर घरही आजारी पडते. पत्नी कामावर खोटे निरोप पाठविते, उसने फेडते, शेजाऱ्यांपासून लपविते. अशा कुटुंबीयांच्या सभा वेगळ्या असतात. त्यांना अल-अनॉन म्हणतात. हे काम अमेरिकेत १९५१ साली बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी सुरू केले. नवरा सभेला जावयास तयार नसला तरी पत्नी अल-अनॉनला जाऊ शकते. हात उगारला जात असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुटका पाहावी; ११२ किंवा महिला हेल्पलाईन १८१ या क्रमांकावर मदत मागण्यात कसलाही कमीपणा नाही. मार खाणे हे मैत्रीभावनेचे लक्षण नव्हे.

आणि विहाराच्या कार्यकर्त्यांनी व्यासपीठावरून दारुड्यांची नावे घेणे किंवा टोमणे मारणे बंद करावे. त्याऐवजी विहाराच्या फलकावर वरचे क्रमांक लिहावेत. पहिल्यांदा सभेला निघालेल्या माणसाबरोबर कोणीतरी दारापर्यंत जावे. सागताला उचला, हेच काम आज आपले आहे.

९. वाटेची दिशा

तुम्ही राहता ती भूमी धम्माला नवी नाही. सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आणला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला.

त्या आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. येथे विहार म्हणजे मौजमजा; शिकार आणि चैन. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांना भेटणे, दान देणे, गावोगावच्या लोकांशी धम्माविषयी बोलणे. राजाने प्रवास सोडला नाही. प्रवासाची दिशा बदलली.

संध्याकाळी गाडीतून नालासोपाऱ्याला किंवा विरारला उतरणाऱ्या माणसाचेही तसेच आहे. पाय जिन्यावरून आपोआप परमिट रूमकडे वळतात. त्या पायांना घरी बसवून चालणार नाही. त्यांना दुसरीकडे न्यावे लागेल. या आठवड्यात एक फोन करा. कागदावर वार, वेळ आणि जागा लिहा. तो कागद खिशात ठेवा. आणि त्या संध्याकाळी जिना उतरल्यावर दुसऱ्या बाजूला वळा.

घरी बसून विचार करावयाचे प्रश्न

१. 'सिक्खापद' या शब्दाचा अर्थ काय? शील मोडले तर आपल्या घरात आजवर काय केले जाई?
२. भगवंतांनी पडलेल्या सागतासाठी प्रथम काय केले?
३. रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडण्यापूर्वी डॉक्टरांकडे का जावे?
४. आपल्या ओळखीत पहिल्या सभेला सोबत लागेल असा कोण आहे? त्याच्याबरोबर कोण जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका. त्याच्या घरी जाऊन द्या.

भवतु सब्ब मंगलं.